फ्लेक्सवरचा चेहरा कुणाचा?

गेल्या महिन्यात दादाने कोल्हापुरातून एक फोटो पाठवला. माझ्या पुतणीच्या कॉलेजने प्रवेशाच्या दिवसांत चौकात फ्लेक्स लावलाय. भाला फेकतानाचा तिचा मोठा फोटो, शेजारी पदकाचा उल्लेख आणि खाली ठळक अक्षरांत 'प्रवेश सुरू'. दादाचा ऊर भरून आला होता, आणि ते रास्तच आहे. मी म्हटलं, "फोटो लावण्याआधी तिला विचारलं होतं का?" दादा म्हणाला, "त्यात विचारायचं काय? कॉलेजचीच मुलगी आहे ना?" तिचे स्पाइक्स मात्र वहिनीने भिशीच्या पैशांतून आणलेत.

दादा स्वतः शाळेत क्रीडाशिक्षक आहे. अमेरिकेत कॉलेजच्या खेळाडूंना नाव आणि छबी वापरू देण्याचे पैसे मिळतात हे त्याला मुळीच पटत नाही. "शिकायला गेलीत पोरं. खेळायचं सोडून भाव करत बसतील," असं त्याचं म्हणणं. मला ते पटत नाही, आणि का ते इथे राहूनच कळलं.

मी ओहायोतल्या कोलंबसमध्ये राहतो. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध खंडोबा या तालमींच्या फुटबॉल सामन्याची गर्दी बघत मी वाढलो, तरी इथला पहिला शनिवार बघून थक्क झालो. इथल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा सामना बघायला लाखाच्या वर माणसं! गावभर लाल जर्सी, आणि मैदानात धावणारी मुलं विशीच्या आतबाहेरची.

याच विद्यापीठाच्या पाच खेळाडूंवर 2010 च्या डिसेंबरात पुढच्या मोसमातल्या पाच सामन्यांची बंदी आली. त्यांनी स्वतःला मिळालेल्या अंगठ्या, जर्सी आणि कट्टर प्रतिस्पर्धी मिशिगनला हरवल्यावर मिळणारं सोनेरी पँटच्या आकाराचं छोटं पदक विकलं होतं, काहींनी त्या बदल्यात टॅटू काढून घेतले होते. प्रशिक्षक जिम ट्रेसेल यांना पुढच्या वर्षी पायउतार व्हावं लागलं, 2010 चे विजय विद्यापीठाने नोंदीतून काढून टाकले. कॉलेजच्या खेळाडूने खेळातून कमवायचं नाही असा तेव्हाचा नियम. म्हणून आपल्याच बोटातली अंगठी विकणं हा गुन्हा, आणि त्याच मुलांच्या क्रमांकाच्या जर्सी दुकानात उजळ माथ्याने विकल्या जात होत्या.

हे चित्र पालटायला बराच काळ गेला. यूसीएलए या लॉस एंजेलिसमधल्या विद्यापीठाचा माजी बास्केटबॉलपटू एड ओबॅनन याला एका व्हिडिओ गेममध्ये हुबेहूब आपल्यासारखाच खेळाडू दिसला. त्याला कुणी विचारलंही नव्हतं. 2009 मध्ये तो कोर्टात गेला. 2019 मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला, आणि 1 जुलै 2021 पासून देशभरातल्या कॉलेज खेळाडूंना आपल्या नावावर कमावायची मुभा मिळाली. 2025 च्या कोर्टातल्या समझोत्यानंतर तर विद्यापीठंच खेळाडूंना थेट वाटा देऊ लागली, पहिल्या वर्षी प्रत्येकी 2.05 कोटी डॉलरपर्यंत.

दादाची भीती अगदीच खोटी नाही. 2021 मध्ये टेक्ससचा एक मुलगा शाळेचं शेवटचं वर्ष सोडून इथे आला. सुमारे 14 लाख डॉलरचा करार झाला, मोसमात तो जेमतेम दोन चालींपुरता मैदानावर उतरला आणि परत गेला. पैशाचा मोठा लोट फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडेच वाहतो, हेही खरं. पण वाटप चुकलं तर वाटप सुधारावं. मुलांचा चेहरा परत कॉलेजच्या ताब्यात द्यायचं ते कारण होऊ शकत नाही.

आपल्याकडे वाद होतो तो बक्षिसाच्या रकमेवर. पॅरिसला 2024 मध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने कांस्य जिंकलं. हरयाणाच्या मानाने महाराष्ट्राचं बक्षीस कमी, अशी नाराजी त्याच्या वडिलांनी बोलून दाखवली, आणि घरोघरी चर्चा झाली. खाशाबा जाधवांना 1952 साली हेलसिंकीला पाठवायला राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवलं, हे तर कोल्हापुरात प्रत्येकाला पाठ आहे. त्या माणसापुढे मी आजही हात जोडतो. पण खेळाडूने कायम कुणाच्या तरी मोठ्या मनावरच का जगावं? बक्षीस देणारा देतो, न देणारा देत नाही. चेहऱ्याचं तसं नाही. तो जिचा आहे तिचाच आहे.

टोकियो ऑलिंपिकनंतर पी. व्ही. सिंधूचं नाव आणि फोटो काही कंपन्यांनी न विचारता जाहिरातीत वापरले, तेव्हा तिचं काम बघणाऱ्या संस्थेने नोटिसा धाडल्या. माझ्या पुतणीसाठी नोटीस कोण काढणार?

इथेही सगळ्यांना सारखा न्याय नाही. आमच्या ओळखीची पुण्याची एक मुलगी इथे कॉलेजकडून टेनिस खेळते. संघाच्या पोस्टरवर ती मधोमध आहे. तिच्या अमेरिकन जोडीदारणीला एका दुकानाने प्रसिद्धीसाठी पैसे दिले. हिलाही विचारलं, पण ही विद्यार्थी व्हिसावर. काम समजलं गेलं तर व्हिसाच धोक्यात. दिवाळीला जेवायला आली तेव्हा म्हणाली, "काका, सर्व्हिस माझी जास्त चांगली आहे हो." तिच्या ताटात करंजी वाढताना मला काही बोलता आलं नाही.

परवा पुतणीचा फोन आला. फ्लेक्सवरचा फोटो तिच्या मैत्रिणीने काढलेला, तिचंही नाव खाली नाही. दोघींनी मिळून प्राचार्यांना लिहायचं ठरवलंय. स्पाइक्सचे पैसे, आणि पुढच्या वेळी आधी विचारावं, एवढंच.

"काका, अर्ज लिहू की पत्र?"

मी म्हटलं, "पत्र लिही."