काल्पनिक जीव 'उचललेले' असतात म्हणणाऱ्यांना

सध्या एक मत फार फिरतंय: गेम आणि चित्रपटांतले काल्पनिक जीव हल्ली सर्रास खऱ्या प्राण्यांवरून, झाडांवरून उचललेले असतात. कलाकारांची प्रतिभा आटली आहे, याचं डोकं त्याच्या धडाला जोडलं की झाला नवा जीव. आणि निसर्गात आता नवं सापडण्यासारखं उरलंय तरी काय? या जीवांवर माझं मनापासून प्रेम आहे, त्यामुळे गप्प बसवत नाही.

'हल्ली' हा शब्दच चुकीचा आहे. पाचशे वर्षांपूर्वी लिओनार्डो दा विंचीने लिहून ठेवलंय, की ड्रॅगन खरा वाटायला हवा असेल तर डोकं शिकारी कुत्र्याचं घ्या, डोळे मांजराचे, कान साळिंदराचे, मान पाणकासवाची. त्याची प्रतिभा आटली होती असं कोण म्हणेल?

नुसत्या जोडाजोडीचा आरोप मात्र झटकून टाकता येत नाही, कारण वाईट कामाला तो तंतोतंत लागू पडतो. पण चांगला कलाकार अवयव घेत नाही, तो जीव जगतो कसा हे घेतो. पोकेमॉन या गेममधला पॅरास बघा. छोटा किडा, पाठीवर दोन अळंबी, डोळ्यांत बुबुळं. तोच वाढून पॅरासेक्ट झाला की पाठीवर एकच भलंमोठं अळंबं असतं आणि डोळे पांढरेफटक. बुबुळं पुसली, एवढंच. तेवढ्यावरून कळतं की आता हा देह किडा चालवत नाही. यामागे किड्यांवर वाढणाऱ्या खऱ्या बुरशीचं वास्तव आहे. ऑफिओकॉर्डिसेप्स ही बुरशी मुंगीच्या अंगात पसरते, तिला रोपावर चढवते, पानाची शीर जबड्यात घट्ट धरायला लावते. मुंगी तिथेच मरते आणि तिच्या डोक्यामागून बुरशीचा देठ उगवतो. हे समजून घेतल्याशिवाय ते डोळे रेखाटता येणार नाहीत.

झाडांचंही तेच. माणसं खाणारं झाड म्हटलं की बहुतेक जण त्याला दात रेखाटतात. व्हीनस फ्लायट्रॅप या किडे खाणाऱ्या वनस्पतीकडे जरा थांबून पाहा. तिच्या पानाच्या आतल्या बाजूला बारीक केस असतात. किड्याचा एकदा स्पर्श झाला तर ती ढिम्म हलत नाही. साधारण वीस सेकंदांत दुसरा स्पर्श झाला की पान मिटतं. आत किडा जितका धडपडतो तितकी ती पाचकरस सोडायला लागते. पहिल्या स्पर्शाला गप्प राहणारा राक्षस! दातांपेक्षा मला त्याची कितीतरी जास्त भीती वाटते.

राहिला प्रश्न निसर्ग संपल्याचा. १९७९ च्या 'एलियन' या चित्रपटात परग्रहावरच्या जीवाच्या तोंडातून दुसरा जबडा बाहेर झेपावतो. निव्वळ कल्पना वाटते ना? मोरे ईल माशाच्या घशातला दुसरा जबडा पुढे तोंडात येऊन भक्ष्य पकडतो आणि आत ओढतो, हे संशोधकांनी २००७ साली दाखवून दिलं. बहुतेक मासे पाण्यासोबत भक्ष्य आत ओढून घेतात. खडकांच्या अरुंद कपारीत राहणाऱ्या या माशाला ते नीट जमत नाही, म्हणून ही सोय. आता दोन जबड्यांचा जीव पुन्हा कुणाला रेखाटायचा असेल, तर तो जबडा कवटीच्या मागे कुठे दडतो आणि कोणते स्नायू त्याला पुढे खेचतात, हेही त्याला बघता येईल.