गॅप उघडता, मग बंद कोण करणार?

रात्रपाळीवाल्यांनो, ६ एमएमची प्लेट कापायला शिअरिंग मशिनचा, म्हणजे पत्रा कापायच्या मशिनच्या वरच्या-खालच्या ब्लेडमधला, गॅप उघडलात, ठीक. उघडायलाच हवा. पण काम झाल्यावर तो परत कोण आणणार? बरं, नाही आणला तर नाही, मशिनवर खडूनं ‘गॅप ०.४०’ एवढं लिहायला काय हात मोडतात? सकाळी पॅनेलचे १.६ एमएमचे पत्रे आले, ऑपरेटरनं नेहमीसारखे कापायला घेतले. निम्मा गठ्ठा संपल्यावर लक्षात आलं. खालच्या बाजूला करवतीसारखी बर (कापल्यावर कडेला राहणारी धारदार कोर), कड दुमडलेली, पट्ट्या पिळलेल्या. हेल्परचा तळहात हातमोज्यासकट फाटला. टाके पडले पोराला! कस्टमरचं रिजेक्शन गेलं खड्ड्यात, त्या हाताचं काय?

आणि वर सगळ्यांचं एकच उत्तर: ‘धार गेलीय.’ नाही गेली धार! ब्लेडला चार कडा असतात, नुकतंच फिरवून नवी कड घेतलीय. बर दिसली की धार गेली, एवढंच शिकलात का? जाडीच्या साधारण ५ ते १० टक्के गॅप लागतो. एमएसला, म्हणजे साध्या पोलादाला, आपण ६-७ टक्के धरतो, म्हणजे १.६ला ०.१०. तिथं तुम्ही चौपट ठेवलात. एवढ्या गॅपमध्ये पातळ पत्रा कापला जात नाही, ओढून तोडला जातो.

मग एक जण पाना घेऊन धावला आणि एकाच बाजूचा स्क्रू अंदाजानं आवळला. अंदाजानं! फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा, मागितलं तर ०.१०ची पाती दुमडलेली, ०.०५ची गायब. मेन स्विच बंद करायचा, फ्लायव्हील, म्हणजे मशिनचं जड चाक, हातानं फिरवायचं, वरचं ब्लेड खालच्याला जिथं ओलांडतं तिथं गेज घालायचं. एका टोकाला, मध्ये, दुसऱ्या टोकाला. मग खालचं ब्लेड ज्यावर बसवलंय त्या टेबलाचे बोल्ट आवळायचे आणि पुन्हा सगळीकडे बघायचं, कारण आवळताना टेबल सरकतं. हे कंटाळवाणं आहे, मान्य. पण गॅप जास्त आवळला तर ब्लेडवर ब्लेड बसतं आणि कडेचा तुकडा उडतो. तो समोरच्याच्या डोळ्यात जाऊ शकतो, हे कुणाच्या डोक्यात येत नाही?

सळई कोण कापतं यावर? वेल्डिंगचे गोळे चिकटलेला भंगार पत्रा कोण घालतं? बारीक तुकडे कायम डाव्या कोपऱ्यातच मारता, तिथलीच धार जाते आणि त्यासाठी अख्खं ब्लेड ग्राइंडिंगला जातं. ग्राइंडिंगहून आलं की उंची कमी, पॅकिंगच्या पातळ पट्ट्या घाला, गॅप पुन्हा पहिल्यापासून.

पण खरा राग मला प्लॅनिंगवर आहे. ऑपरेटर बिचारा घाई करतो, कारण सेटिंगला वेळच धरलेला नसतो. एका जाडीचे जॉब एकत्र लावा, दिवसाला गॅप एकदाच बदलावा लागेल, हे दर मीटिंगला सांगतो. माना डोलावतात. उद्याची यादी आत्ता हातात आलीय: आधी १.२, मग ५, मग परत १.२.