कौल फुटलंय? फुटू द्या की!

तुम्ही चाकरमानी. शिमग्याला पालखी दारात येते तेव्हा एक रात्र, मे महिन्यात आंब्याच्या पेट्या न्यायला दोन दिवस आणि गणपतीला पाच, एवढंच तुमचं गाव. त्यात देवाचं, देवळाचं, भावकीचं आणि मासळीचं बघायचं. मान वर करून छपराकडे कधी बघणार? आणि वरच्या गोष्टी बघायला वरचा समर्थ आहे, अशी आपल्याकडे श्रद्धाही आहे.

तरीही काही लोक तुमच्या मागे शाकारणीचा लकडा लावतील. पाऊस सुरू व्हायच्या आत कौलं उतरवा, साफ करा, फुटकी बदला, कौलांखालच्या लाकडी पट्ट्या, म्हणजे रिपा, तपासा. अशा लोकांपासून सावध राहा. पणजोबांनी बांधलेलं चिऱ्याचं घर फार कष्ट न घेता मोडीत काढायचं असेल, तर तुम्हाला कुदळीची गरज नाही, फक्त दुर्लक्षात सातत्य हवं.

सगळ्यात महत्त्वाचं पथ्य म्हणजे मे महिन्यातल्या भर दुपारी माळ्यावर चढू नका. चढलातच तर दिवा तरी लावा. कारण अंधारात उभं राहून वर बघितलं, की काचेचं कौल सोडून जिथून उन्हाचा कवडसा येतो, तिथूनच जूनमध्ये पाणी येणार हे शेंबड्या पोरालाही कळतं. या तपासणीला पाच मिनिटं लागतात आणि खर्च शून्य. खर्च नसलेल्या कामाला आपल्यात मान नाही, हे तुम्ही जाणताच. त्याच पाच मिनिटांत ओटीवर बसून ‘आमच्या घरात एसी लागत नाही’ असा व्हिडिओ काढता येतो. त्याला लाइक तरी मिळतात.

कौलं फोडण्याची काळजी तुम्ही करू नका. ते खातं माकडांकडे आहे. फणसावरून आढ्यावर आणि आढ्यावरून परसात, असा त्यांचा रोजचा रस्ता असतो. माकडांचा कंटाळा असेल तर डिश अँटेना बसवणाऱ्याला बोलवा. शाकारणीचा जाणता गडी खाली रीप असेल तिथेच, कौलावर कौल चढतं त्या जागी पाय देतो. हा मात्र बूट घालून बरोबर मधोमध चालतो. जाताना ‘सिग्नल क्लिअर आहे, साहेब’ म्हणतो. वर बघितलंत तर बाकीचंही बरंच क्लिअर दिसेल. छपरावर वाकलेली आंब्याची फांदी तर मुळीच तोडू नका, पर्यावरणाचा प्रश्न आहे. तिची पानं दोन छपरांच्या बेचक्यातल्या पत्र्याच्या पन्हळीत साचून कुजतात. पन्हळ तुंबते आणि पाणी सोयीची वाट शोधतं. ती वाट बहुधा देवघरावरून जाते.

आता कोणी म्हणेल, एक कौल फुटलं तर काय आकाश कोसळतं? नाही कोसळत. लगेच कोसळलं असतं तर तुम्ही धावला असतात, हीच तर कौलाची खुबी आहे. पहिल्या वर्षी पाणी फक्त रिपेवर ठिबकतं. खाली एक पातेलं ठेवलं की विषय संपला. दुसऱ्या वर्षी रीप मऊ पडते, तिच्यावरची चार-सहा कौलं इंचभर सरकतात आणि आता पाणी वाशावर येतं. लाकडातली ओल 20 टक्क्यांच्या वर टिकली की बुरशीला आमंत्रण मिळतं, आणि वाळवीला ओलं लाकूड आवडतंच. ती भिंतीतून मातीची नाजूक नळी काढत वर येते. या नळीला शेवाळ समजून तिच्यावर चुना फिरवा. पुढं वासा आतून पोकळ होतो, पण बाहेरून जसाच्या तसा दिसतो. मग एक दिवस भिंतीच्या माथ्यावर पाणी उतरतं. जुन्या घरांचे चिरे मातीत बसवलेले असतात. माथ्याची माती वाहिली की चिरे हलतात, चिरे हलले की त्यांवर टेकलेला वासा हलतो, आणि मग घर पडायला फक्त मुहूर्त हवा असतो. हा सगळा प्रवास एका कौलापासून सुरू झाला, हे कोणाच्या लक्षातही राहत नाही. सगळे म्हणतात, घर जुनंच झालं होतं.

पावसाचा तर तुम्हाला भक्कम पाठिंबा आहे. कोकणात एका हंगामात साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे 100 चौरस मीटर जागा झाकणाऱ्या छपरावर चार महिन्यांत 3 लाख लिटर पाणी. यातलं शेकड्यात एक जरी आत आलं तरी 3000 लिटर. एवढ्याला पातेली पुरत नाहीत, पण चुलत्यांच्या घरची मागता येतात.

खरं तर या सगळ्या आळसाचा पाया मंगळुरात घातला गेला. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने 1865 साली तिथे कौलांचा कारखाना काढला आणि एकमेकांत खाचेने अडकणारी ती चपटी कौलं हळूहळू किनाऱ्याने आपल्याकडे आली. त्याआधी कुंभाराने घडवलेली अर्धगोल कौलं, म्हणजे नळे होते. ते वाऱ्याने, मांजराने, नारळाच्या झावळीने सरकायचे, म्हणून दर वर्षी सगळं छप्पर चाळावं लागे. दर वर्षी माणूस वर चढायचा, त्यामुळे कुजका वासा आपोआप सापडायचा. मंगळुरी कौल तितकं सरकत नाही. मग चढायचं कशाला? म्हणजे कौल सुधारलं आणि बघणारा गेला. यात कौलाची चूक नाही, पण दोष द्यायला ते सोयीचं आहे.

चूल बंद केलीत, हेही उत्तम झालं. पूर्वी स्वयंपाकघरातला धूर कौलांतून बाहेर पडायचा आणि जाता जाता वाशांना काळा लेप देऊन जायचा. त्या धुरामुळे किडीला लाकूड नकोसं व्हायचं. आता गॅस आहे, आणि तोही वर्षातून आठ दिवस पेटतो. बाकी दिवस घर कडीकुलपात, खिडक्या बंद, आत दमट अंधार. वाळवीने जाहिरात दिली असती तर नेमकी अशीच जागा मागितली असती. काजूच्या टरफलांचं तेल वाशांना चोपडायची जुनी रीत आहे, पण त्याने हात काळे होतात आणि वास येतो. त्याऐवजी वळचणीला दिसणाऱ्या वाशांच्या टोकांना छान चॉकलेटी ऑइलपेंट द्या. लाकूड सगळ्यात आधी तिथेच कुजतं, कारण पागोळ्यांचं पाणी तिथेच लागतं. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टोचलं की ते लोण्यासारखं आत जातं, म्हणून टोचू नये. रंग लावावा आणि फोटो काढावा.

आतली बाजूही झाकून घ्या. हल्ली प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचं फॉल्स सीलिंग स्वस्तात मिळतं. पांढरंशुभ्र, मध्ये निळे दिवे. कौलं, रिपा, वासे, कोळिष्टकं, गळती, सगळं एका दिवसात दिसेनासं होतं. ज्याला गळती दिसत नाही त्याच्या घरी गळती नाही, हा अद्वैताचा सिद्धांत तुम्हाला एका ठेकेदाराकडून घरपोच मिळतो. दोन पावसाळ्यांनी सीलिंगला मधोमध पोट सुटेल. तो डिझाइनचा भाग आहे असं पाहुण्यांना सांगावं.

परसात, न्हाणीच्या मागे, जादा कौलांची एक चळत रचलेली असेल. तिच्याकडे जरा लक्ष द्या, कारण तुमच्या योजनेला खरा धोका तिथून आहे. प्रत्येक कारखान्याच्या कौलाची खाच थोडी वेगळी असते. एकाचं कौल दुसऱ्यात नीट बसत नाही. त्यातले कित्येक कारखाने आता बंद पडलेत. हे आजोबांना ठाऊक होतं, म्हणून छपराबरोबरच त्यांनी शे-दोनशे जास्तीची कौलं घेऊन ठेवली. ही कौलं शिल्लक असली तर गावातला कोणीही शहाणा माणूस अर्ध्या दिवसात गळती थांबवू शकेल. तेव्हा ती तातडीने संपवा. तुळशीभोवती किनार करा, अळूच्या वाफ्याला लावा, पोरांना रंगवायला द्या. मग गरज पडली की बाजारातून नवं कौल आणा आणि न बसणाऱ्या खाचेत सिमेंट थापा. सिमेंटला भेग पडते. पाणी तिथून आत जातं, आणि पुढच्या वेळी ते कौल काढायचं तर शेजारची दोन फोडूनच काढावं लागतं.

गावात राहणारे एक काका प्रत्येकाला असतात. त्यांचा फोन येईल. “रे बाबा, माजघरात पाणी गळता हा. तू कधी येतलंस?” यावर चिडायचं नाही. “काका, बघतो” म्हणायचं. बघतो या क्रियापदाला आपल्याकडे भविष्यकाळ नाही. काका फारच मागे लागले तर विचारायचं, “किती खर्च येईल?” ते सांगतील, दोन गड्यांची तीन-चार दिवसांची मजुरी, थोड्या रिपा, खिळे. आकडा इतका लहान असतो की त्यावर कुटुंबाची बैठक बोलावणं भाग पडतं. घर सामाईक आहे. पाच चुलत घरं, शिवाय तीन आत्यांचा हक्क, आणि एक भाऊ मस्कतला. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर विषय टाका. पहिला विचारेल, ज्याच्या खोलीवर गळतं त्याने करावं ना? दुसरा म्हणेल, गावात राहतात काका, मग खर्च आपण का द्यायचा? तिसरा फुलांसह शुभ सकाळ पाठवेल. मस्कतचा भाऊ ‘पैसे मी देतो’ म्हणाला तर त्याला ताबडतोब आवरा. सगळे पैसे त्याने दिले तर उद्या घर माझं म्हणेल. तेवढ्यात मृग लागतो आणि विषय पुढच्या मेपर्यंत तहकूब होतो. याच ग्रुपवरचे सगळे जण गणपतीच्या रेल्वे तिकिटासाठी बरोबर 60 दिवस आधी, सकाळी आठच्या ठोक्याला बोट टेकवून बसतात, हे मला नेहमी कौतुकास्पद वाटत आलं आहे.

चक्रीवादळ आलं तर तुमचं काम एका दुपारी उरकतं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांत हजारो घरांची छपरं गेली. पुढचे कित्येक दिवस पत्र्यांची आणि कौलांची टंचाई होती, आणि पाऊस तोंडावर. वादळापुढे धडधाकट छपराचंही फारसं चालत नाही, हे खरंच आहे. पण ज्याच्या रिपा आधीच भुसभुशीत होत्या त्याला वाऱ्याने फार वेळ ताटकळत ठेवलं नसणार. अशा वेळी पंचनामा करायला तलाठी येतो. घरपट्टी कोणाच्या नावावर? आजोबांच्या. आजोबा कधी वारले? मग सगळ्या वारसांची संमती आणा. पाच चुलत घरं, तीन आत्या, एक मस्कत. भरपाईची रक्कम सगळ्यांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला जे येतं त्यात ताडपत्री येते, निळी, आणि तिचाही एक कोपरा दिवाळीपर्यंत फाटतो.

एवढं झालं की घर आपोआप पुढच्या टप्प्यात येतं. या टप्प्यावर कोल्हापूरकडचा एखादा जुन्या लाकडाचा व्यापारी टेम्पो घेऊन दारात उभा राहतो. किंजळाचे खांब, सागाचा कोरीव दरवाजा, पितळी कड्या. तो एकूण जो आकडा सांगतो त्यात तीस वर्षांची शाकारणी झाली असती, हे गणित काका मनातल्या मनात करतात आणि बोलत नाहीत. कौलं एखाद्या रिसॉर्टवाल्याला जातात. त्याला ‘गावाकडचा फील’ हवा असतो. तुम्ही मग सहकुटुंब तिथे राहायला जा, एका रात्रीचे सहा हजार द्या आणि मुलांना दाखवा, बघा, आपलं घर असं होतं. तिथलं छप्पर गळत नाही. ते लोक दर मेमध्ये चढतात.

मोकळ्या जोत्यावर तुम्ही अर्थातच स्लॅब घालणार. गावात आता सगळ्यांनी घातला, आणि स्लॅबला काही करावं लागत नाही अशी ख्याती आहे. त्या ख्यातीला धक्का लावू नका. ठेकेदाराला उताराचं विचारू नका, नाही तर तो खरंच उतार काढेल आणि पाणी वाहून जाईल. सपाट ठेवा. गच्चीत दोन इंच पाणी साचलं तर 1000 चौरस फुटांवर साडेचार टनांच्या वर वजन होतं, म्हणजे एक मोठा हत्ती पूर्ण पावसाळा तुमच्या डोक्यावर बसलेला. वाळू खाडीची चालेल, स्वस्त पडते. तिच्यातलं मीठ सळईपर्यंत पोचलं की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा मागतो, आणि ती जागा करून द्यायला खालचं काँक्रीट पोपडे धरून गादीवर पडतं. पावसाचं पाणी जायच्या पाइपाचं तोंड फार मोठं ठेवू नका. एका पेरूच्या पानाने ते बुजलं पाहिजे.

पाच-सात वर्षांत स्लॅब गळेल. तेव्हा गावात सगळे करतात तेच तुम्हीही करा. स्लॅबला पाऊस लागू नये म्हणून त्याच्यावर लोखंडी सांगाडा आणि निळ्या पत्र्याची शेड. छपरावर छप्पर. पत्रा स्क्रूने बसतो, स्क्रूखाली रबराचा वॉशर असतो, आणि उन्हात तो वॉशर कडक होऊन चिरतो. तिथेही कोणीतरी वर्षातून एकदा चढून बघायला हवं म्हणतात, पण ते आपण सोडून देऊ. ठेकेदाराला मात्र आत्ताच सांगून ठेवा, स्लॅब आणि वरचा पत्रा, दोन्हीचं कोटेशन एकत्र दे. एकत्र घेतलं तर तो थोडं कमी करतो.