ताशी सदुसष्ट

माझ्या वेगाबद्दल आमच्या घरात कुणाचंच दुमत नाही. न्हाणीघरातला दिवा गेल्याला तिसरा आठवडा चालू आहे आणि तो बदलायचं काम माझ्याकडे आहे, एवढं सांगितलं तरी पुरे. सकाळचं वर्तमानपत्र माझं वाचून होतं तेव्हा त्यातल्या बातम्या टीव्हीवर शिळ्या झालेल्या असतात. आई म्हणायची, "ह्याला मरण आणायला पाठवावं, म्हणजे माणूस शंभरी गाठेल."

अशा माणसाच्या नावावर गेल्या महिन्यात अतिवेगाची नोटीस आली.

मर्यादा ५०, नोंदलेला वेग ६७. हिने ती आधी मनात वाचली, मग मोठ्याने. मग चष्मा काढून माझ्याकडे असं पाहिलं, जणू इतकी वर्षं मी तिच्यापासून काहीतरी लपवत आलो होतो. "अहो, ही गाडी नक्की आपलीच?"

सोबत फोटो होता. मला वाटलं होतं, निदान स्टिअरिंगवर रेललेला, केस उडालेला मी तरी दिसेन. फोटो मागून काढलेला. लख्ख उजेडात नंबरप्लेट, तिच्या शेजारी दोन वर्षांपूर्वी पडलेला आणि 'पुढच्या रविवारी काढून आणतो' असा माझा शब्द मिळालेला बंपरचा पोचा, आणि चालू राहिलेला डावा इंडिकेटर. रस्ता सरळ होता. म्हणजे आधीच्या चौकात वळल्यापासून मी जगाला सांगत सुटलो होतो की मी डावीकडे जाणार आहे, ताशी ६७ने.

दंड भरून मोकळं व्हावं, असं शहाणा माणूस म्हणेल. पण माझा राग दंडावर नव्हताच. नोटीस आली घटनेनंतर १९ दिवसांनी. त्या दिवशी मला एवढी कसली घाई होती, हे आठवायचा मी फार प्रयत्न केला. घाई हा प्रकार माझ्या आयुष्यात इतका क्वचित येतो की खरं तर लक्षात राहायला हवा होता. चौकात मामांनी अडवलं असतं तर तिथल्या तिथे दोन शब्द बोलता आले असते. ते ओरडले असते, मी चेहरा पाडला असता. १९ दिवसांनी चेहरा पाडून दाखवायचा कुणाला? पाकिटाला?

म्हणून मी हरकत नोंदवायचं ठरवलं. नोटिशीत मुदत दिली होती. भरपूर होती.

हरकत लिहायची म्हणजे अभ्यास हवा. वाचता वाचता मला वॉल्टर अर्नोल्ड सापडला. इंग्लंडमधल्या केंट परगण्यात २८ जानेवारी १८९६ रोजी हा गृहस्थ ताशी ८ मैलांनी मोटार हाकत होता, मर्यादा होती २ मैलांची. शिपायाने सायकलवरून ५ मैल पाठलाग करून त्याला धरला, आणि १ शिलिंग दंड झाला. मला त्या शिपायाचं फार कौतुक वाटलं. माझ्यासाठी कुणी ५ मैल सायकल मारली असती, तर दंडावर चार पैसे मी खुशीने जास्त दिले असते.

मग हा वेग पकडणारा कॅमेरा काढला कुणी, ते पाहिलं. तर मॉरिस गॅटसोनिडेस नावाचा डच शर्यतपटू. १९५३ची माँटे कार्लो रॅली जिंकलेला. वळणावर आपण किती जोरात जातो ते मोजून आणखी जोरात जाता यावं, म्हणून त्याने वेग मोजायचं यंत्र बनवलं. पुढे त्याच्याच कंपनीचे कॅमेरे जगभरच्या रस्त्यांवर उभे राहिले. म्हणजे ज्याला सुसाट सुटायचं होतं त्याच्या हौसेपायी, बल्ब बदलायला तीन आठवडे घेणारा मी सापडलो. हे वाक्य मी अर्जात अधोरेखित केलं.

तांत्रिक मुद्द्यांसाठी मुलीची मदत घेतली, ती माझी चूक.

"माझ्या गाडीचा काटा चुकीचा दाखवत असणार," मी म्हणालो.

"बाबा, काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवताच कामा नये असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. जास्त दाखवला तर चालतो. तू ६७ने जात होतास तेव्हा काटा बहुतेक सत्तरीला टेकला असेल."

"मग कॅमेरा तिरका बसवला असेल."

"रडार तिरकं असलं की वेग उलट कमी भरतो. म्हणजे तू ६७पेक्षा जास्तच असशील."

मग ज्याच्या तत्त्वावर हे रडार चालतं, त्या डॉप्लर नावाच्या शास्त्रज्ञावर घसरून पाहिलं. १८४२ साली ह्या माणसाने दुहेरी ताऱ्यांचे रंग असे का दिसतात यावर निबंध लिहिला, आणि जवळ येणाऱ्या-लांब जाणाऱ्या वस्तूच्या लहरींचं तेच तत्त्व पुढे माझ्या बंपरला लावलं गेलं. "तारे बघायचे सोडून लोक..." मी सुरू केलं. मुलीने तोवर गणित मांडलं होतं. वेग ३४ टक्के जास्त, पण धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ ८० टक्के जास्त. हे तिने आईसमोर सांगायची गरज नव्हती.

तरी काही मुद्दे मी सोडले नाहीत, आणि आजही सोडणार नाही. वेगमर्यादेची पाटी झाडाच्या फांदीआड आहे; ती वाचायला गाडी थांबवून उतरावं लागतं. आणि कॅमेऱ्यापाशी काय चालतं ते कुणीही उभं राहून पाहावं. हेडमास्तर व्हरांड्यात आल्यावर वर्ग जसा एकदम पाढे म्हणू लागतो, तशा सगळ्या गाड्या खांबाच्या अलीकडे कचकन ब्रेक मारतात, मान खाली घालून पुढे सरकतात, आणि मास्तर वळले की पुन्हा दंगा. त्या दिवशी मी ब्रेक मारला नाही, कारण खांब मला दिसलाच नाही. म्हणजे दंड वेगाचा नाही, बेसावधपणाचा. सराईत लोकांना तो खांब पाठ आहे.

इमारतीतल्या लोकांच्या सह्या घ्यायला बैठक बोलावली. गर्दी बघून मला गहिवरून आलं. निम्म्याजणांच्या खिशात नोटिसा होत्या. फ्रान्समध्ये २०१८ला सुरू झालेल्या पिवळ्या जाकिटांच्या आंदोलनात लोकांनी निम्म्याहून अधिक कॅमेरे फोडले, झाकले, रंगवले, हे मी सांगितलं तेव्हा मागून कुणीतरी "वा!" म्हणालं. (रंगाचा डबा कोण आणणार हा प्रश्न निघताच सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तो मार्ग सोडून दिला.) मग तळमजल्यावरच्या काकू उठल्या. म्हणाल्या, "तिकडचा काढायलाच हवा. पण काढलेला टाकून देऊ नका, आपल्या फाटकासमोर लावा. इथून पोरं काय सुसाट जातात!" कडाडून टाळ्या पडल्या. ठराव एकमताने झाला. फाटकासमोरून रोज कोण जातं, याचा विचार करत मीही सही केली.

हरकतीचा अर्ज अकरा पानी झाला. शुद्धलेखन तपासलं, पोच्याचा उल्लेख काढला, अर्नोल्डचा परिच्छेद वर घेतला, परत खाली नेला. शेवटी सुवाच्य प्रत काढून मी ती मोठ्या समाधानाने हिच्यापुढे ठेवली.

हिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. मुदत परवाच संपली होती.

"आता हो?" मी खचून विचारलं.

"दंड मी पहिल्याच दिवशी भरला. तुमच्याच खात्यातून. दोन मिनिटं लागली."

"मग हे सगळं मला लिहू का दिलंत?"

"तेवढेच दिवस तुम्ही गाडी बाहेर काढली नाहीत."

नोटीस हिने प्लास्टिकच्या पाकिटात घालून कपाटाच्या दारावर आतून चिकटवली आहे. काल न्हाणीघराच्या दिव्याचा विषय निघाला. मी म्हणालो, बघतो, घाई काय आहे. हिने काही न बोलता कपाटाचं दार उघडलं.