लिग्निन टिकते म्हणून ह्यूमस बनतो, हे विधान का टिकत नाही

“काष्ठमय अवशेषांतील लिग्निन जीवाणू-बुरशींना पचत नाही; ते जमिनीत तसेच साठते, त्यापासून प्रचंड मोठे ह्युमिक रेणू बनतात आणि ते शतकानुशतके टिकतात,” असे विधान सर्वत्र फिरत आहे. (लिग्निन म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा वनस्पतींतील पदार्थ; ह्यूमस म्हणजे अवशेष कुजून बनलेला जमिनीतील गडद सेंद्रिय पदार्थ, आणि ह्युमिक रेणू म्हणजे त्याचे मानले गेलेले घटक.) यातले तीनही दावे स्वतंत्रपणे तपासले पाहिजेत.

लिग्निन पचत नाही, हे चूक आहे. लिग्निनमुळे अवशेष सावकाश कुजतात एवढेच खरे; श्वेतकुज बुरशी पेरॉक्सिडेज आणि लॅकेज ही विकरे (एन्झाइम) स्रवून त्याच्या रेणूतील वलये फोडते. मात्र या क्रियेला ऑक्सिजन लागतो, म्हणूनच पाणी साचलेल्या दलदलीत पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, साठते.

ते जमिनीत साठते, हा दावा अधिक बारकाईने पाहावा लागतो, कारण येथे प्रत्यक्ष मोजमाप उपलब्ध आहे. मक्याच्या कर्बात कर्ब-१३ या समस्थानिकाचे (कर्बाच्या किंचित जड प्रकाराचे) प्रमाण गव्हापेक्षा अधिक असते. त्यामुळे वर्षानुवर्षे गहू घेतलेल्या जमिनीत मका घेऊ लागले, की जुना आणि नवा कर्ब वेगळा ओळखता येतो. अशा जमिनींत गव्हाचे लिग्निन एकूण सेंद्रिय कर्बापेक्षा लवकर नाहीसे होताना आढळले. याउलट, सहज पचणाऱ्या शर्करांचा काही कर्ब दशकानुदशके टिकून राहतो. दुसरा पुरावा कर्ब-नत्र गुणोत्तराचा: लाकडात ते शेकड्यांत असते, तर चिकणमातीला बिलगलेल्या जुन्या सेंद्रिय पदार्थांत १०च्या आसपास, म्हणजे सूक्ष्मजीवांच्या शरीराजवळचे. ज्याला आपण टिकाऊ म्हणतो त्याचा मोठा भाग मृत सूक्ष्मजीवांचे अवशेष असतो, आणि तो टिकतो लोह व ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांना चिकटल्यामुळे किंवा मातीच्या कणसमूहांत अडकल्यामुळे. रेणू किती चिवट आहे हा प्रश्न माझ्या मते येथे दुय्यम आहे.

राहिला ह्युमिक रेणूंचा दावा. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रांझ कार्ल आखार्ड यांनी १७८६ मध्ये पीटमधून अल्कलीने गडद पदार्थ वेगळा केला, आणि तीच पद्धत पुढे रूढ झाली. पण सुमारे १३ सामू (pH) असलेल्या, कोणत्याही शेतजमिनीत न आढळणाऱ्या तीव्र द्रावणात जे विरघळते ते जमिनीत त्याच रूपात होते असे मानता येत नाही, कारण अल्कली स्वतःच रेणूंमध्ये बदल घडवते. माती न विरघळवता वर्णपटाने तपासली असता प्रथिने, मेद, शर्करा आणि लिग्निनचे तुकडे ओळखता येतात. वेगळा असा ह्युमिक महारेणू दिसत नाही.