लेथचा चक आणि एक शेवटचं वाक्य

रायफलच्या तोंडाशी काय काय बसवतात, यावरच्या माझ्या लेखाला एका वाचकांनी लांबलचक प्रतिक्रिया दिली आहे. थोडक्यात त्यांचे चार आक्षेप. लांब नकली सप्रेसरखाली (आवाज दाबणाऱ्या सप्रेसरसारखी नुसती दिसणारी पोकळ नळी) क्रश वॉशर, म्हणजे आवळताना चेपणारी चकती, चालतो असं मी सुचवलं, ते चूक. एके रायफलच्या बॅरलचे उलटे आटे मी विसरलो. नकली सप्रेसर हा मिरवण्याचा सोस, त्याने फक्त वजन वाढतं. आणि कायद्याकडे मी काणाडोळा केला. एवढ्यावर थांबले असते तर मी मुकाट्याने दुरुस्ती करून मोकळा झालो असतो. पण शेवटी त्यांनी लिहिलं: "ज्याने आयुष्यात लेथचा चक हाताने फिरवला नाही, त्याने आट्यांवर लिहू नये." (चक म्हणजे लेथवर काम पकडून धरणारा, जबडे असलेला भाग.)

साहेब, तुमची माझी ओळख नाही. मी कोण, काय करत होतो, हे तुम्हाला ठाऊक असण्याचं कारण नाही. मग हे वाक्य आलं कुठून?

मी 19 वर्षं टर्नर होतो. त्यातली शेवटची 8 बॅरलच्या कामात गेली. कूलंटचा वास साबणाने जात नाही, हे माझ्या घरच्यांना विचारा. डाव्या तळहातात चुऱ्याची एक बारीक सळी गेली होती, तिचा निळसर ठिपका अजून आहे. चकचं म्हणाल तर बॅरलच्या कामात तो हातानेच फिरवावा लागतो, कारण मशीन सुरू करण्याआधी अर्धा तास नुसता डायल, म्हणजे बारीक फरक दाखवणारं मापक, बघण्यात जातो. बोअरमध्ये, म्हणजे बॅरलच्या आतल्या भोकात, अचूक घासलेली सळई घालायची, तिच्यावर डायल टेकवायचा, चक पाव फेरा फिरवायचा, एक जबडा सैल करून समोरचा आवळायचा, पुन्हा फिरवायचा. हे का करायचं? बाहेरून गुळगुळीत गोल दिसणारं बॅरल आतल्या भोकाशी समकेंद्री असेलच असं नाही. बाहेरचा अंग धरून आटे पाडले तर ते बाहेरच्या अंगाशी इमान राखतील, गोळी मात्र भोकातून येते. लेखात याला मी पूर्ण परिच्छेद दिला होता. तो वाचूनही चकचं वाक्य लिहिलंत, म्हणजे एक तर तो वाचला नाहीत किंवा वाक्य आधीच ठरलं होतं.

आता क्रश वॉशर. ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी सांगतो. धक्का कमी करणाऱ्या मझल ब्रेकची भोकं दोन्ही बाजूंना सारखी यावी लागतात. ए2 प्रकारच्या फ्लॅश हायडरला (तोंडाशी दिसणारी ज्वाला कमी करणारा भाग) खालच्या बाजूला चीर नसते, म्हणजे पालथं पडून झाडताना धूळ उडत नाही. ती बंद बाजू बरोबर खालीच यावी लागते. एआर-15 रायफलच्या 5.56 मिमी बॅरलवर आटे अर्धा इंच व्यासाचे आणि इंचाला 28, म्हणजे एका फेऱ्यात हायडर साधारण 0.9 मिमी पुढे सरकतो. तो शेवटचा अर्धा-पाऊण फेरा घट्टपणा न घालवता मिळावा म्हणून मधे शंकूसारखा दबणारा वॉशर घालतात. पान्याने आवळा, तो चेपत जातो, चीर जागेवर आली की थांबा. हायडर दोन इंचांचाही नसतो, गोळीला जायला भरपूर मोकळी जागा असते, तिथे हे उत्तम चालतं.

लांब नळीचं गणित वेगळं आहे, आणि ते मला तुमच्याकडून शिकायला नको. एक गिऱ्हाईक आपली रायफल घेऊन आला होता. पुढे काळी, देखणी, 150 मिमीची पोकळ नळी. म्हणाला, निशाणा अचानक भरकटला. मी नळी काढून तोंडाकडून उजेडात धरली. भोकाच्या कडेला एका बाजूने चंद्रकोरीसारखा चकचकीत घासा होता, त्यावर तांब्याची लाली. गोळी चाटून जात होती. बॅरलचे आटे तपासले, उत्तम. खांदाही, म्हणजे आटे संपतात तिथली बॅरलची पायरी, काटकोनात. मग वॉशर हातात घेतला आणि मायक्रोमीटर लावला: एका बाजूला 0.1 मिमी जास्त चेपलेला. खांद्याचा व्यास 15 मिमी धरा, तर 150 मिमी पुढे टोकाशी तोच फरक 1 मिमी होतो. गोळी 5.7 मिमीची, भोक 7 मिमीचं. दोन्ही बाजूंना 0.65 मिमी जागा. पुढचं तुम्हीच करा.

हो, त्या नळीखाली क्रश वॉशर होता. म्हणजे तुमचा पहिला मुद्दा बरोबर आहे, आणि लेखातलं ते वाक्य मी आज बदललं: लांब नळी थेट खांद्यावर बसवा, जुळणी करायचीच असेल तर सपाट शिम, म्हणजे न चेपणारी पातळ चकती, वापरा, आणि पहिल्या गोळीआधी बंदूक रिकामी असल्याची खात्री करून सळई घालून भोक मध्यावर आहे ना ते बघा. लिहिताना हायडर डोळ्यांसमोर होता आणि "लांब नळी सोडून" हे तीन शब्द राहून गेले. तीन शब्द. त्यासाठी माणसाची 19 वर्षं पुसायची?

आणि खरं सांगू का, हेच तुम्ही साध्या भाषेत लिहिलं असतंत, "इथे वॉशर चालणार नाही, नळी तिरपी बसेल", तर मी तुमचं नाव घेऊन आभार मानले असते. तुम्ही मात्र वाचणाऱ्याच्या जिवाची काळजी असल्याचा आव आणलात आणि कारण एका शब्दाने सांगितलं नाहीत. काळजी असती तर कारण आधी आलं असतं, टोमणा नंतर.

उलटे आटे: एके घराण्यातल्या एकेएम रायफलवर 14 मिमी, 1 मिमी अंतर, डावीकडे फिरणारे. लेख एआरवर होता. पुढे.

मिरवण्याचा सोस? असेल. तसे खऱ्या सप्रेसरमध्ये एकामागे एक पडदे असतात, त्यांत गरम वायू अडकतो, पसरतो, निवतो, आणि मग कुठे बाहेर पडतो. हायरम पर्सी मॅक्सिमने 1909 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. नकलीत यातलं काही नाही, आवाज तेवढाच, कानांवर संरक्षण तितकंच हवं. हे मी लेखात दोनदा लिहिलंय. वजनाने गोळी लागायची जागा सरकते, हेही खरं. झिरो, म्हणजे निशाण्याची जुळणी, पुन्हा करा. लोक बंदुकीला दुर्बीणही दिसायला छान म्हणून लावतात, त्यांना तुम्ही उपदेश करता का?

कायद्याबद्दल. अमेरिकेत 16 इंचांहून आखूड बॅरलच्या रायफलीची वेगळी नोंदणी लागते, आणि 14.5 इंचांच्या बॅरलवर हायडर पिन मारून वेल्ड केला तर त्याची लांबी मोजणीत धरतात. आवाज कमी करणारी कोणतीही वस्तू तिथे सायलेन्सरच, मग तिच्यावर "नकली" असं लिहिलेलं असो. म्हणूनच मी फक्त पडदे नसलेल्या पोकळ नळीबद्दल लिहिलं. बाकी आपापल्या देशाचा कायदा आपण वाचावा. मी वकील नाही, टर्नर आहे. हे आता तुम्हालाही कळलं असेल.

पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण चकबद्दल नको. शिमची जाडी कितीपासून सुरू करायची, हे तुमच्या अनुभवातून सांगा, त्यावर बोलू.