‘एलईडीला अर्थिंग लागत नाही’: बागेतल्या दिव्यांच्या त्या मेसेजला उत्तर

बागेतल्या वाटेवर घरच्या घरी दिवे कसे बसवायचे, असा एक मेसेज सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. परवा तो आमच्या घरच्या ग्रुपवर आला आणि चोपड्याच्या आबांनी खाली लिहिलं, ‘रविवारी बसवून टाकू.’ आबांच्या बागेत संध्याकाळी पाणी सोडलेलं असतं आणि त्याच ओल्या वाटेवर नातवंडं अनवाणी पळतात. म्हणून हे आजच लिहितो आहे.

मेसेज म्हणतो: एलईडी तीनच वॅटचा, तेव्हा अर्थिंग नको, आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) नको. घरातली दोन तारांची वायर सहा इंच मातीखाली पुरा, जोडाला काळी टेप गुंडाळा. दिवा ६५०० केल्विनचा पांढराशुभ्र घ्या, साप-विंचू फिरकत नाहीत. आयपी ६५ लिहिलेला दिवा पाण्यात बुडाला तरी चालतो. बारा व्होल्टचे दिवे घेतले तर वायर कितीही लांब न्या. आणि ही सगळी कटकट नको असेल तर सोलर लावा, दहा वर्षं बघायला नको.

अर्थिंग आणि सहा इंच माती

या एका सल्ल्याने माणूस मरू शकतो, म्हणून आधी हाच.

तीन वॅट हा दिव्याचा खप झाला. वायरीत २३० व्होल्टच असतात, मग टोकाला तीन वॅटचा दिवा असो नाहीतर गिझर. समजा वायर सोलली आणि दिव्याच्या लोखंडी खांबात करंट उतरला. खांबाचा पाय ओल्या मातीत आहे. खांबातून मातीत जाताना विजेला १०० ओहमचा अडथळा होतो असं धरा. २३० भागिले १००, म्हणजे २.३ अँपियर. ६ अँपियरच्या एमसीबीला, म्हणजे करंट मर्यादेबाहेर गेला की पडणाऱ्या स्विचला, हा एका इस्त्रीएवढा लोड वाटतो. तो पडत नाही. खांब रात्रभर जिवंत राहतो आणि दिवाही छान जळत असतो, त्यामुळे कुणाला शंकासुद्धा येत नाही. त्या खांबाला ओल्या हाताने, अनवाणी कुणी धरलं तर? ओल्या शरीराचा अडथळा साधारण हजार ओहम धरला, तर अंगातून ०.२३ अँपियर, म्हणजे २३० मिलीअँपियर जातात. याच्या कितीतरी कमी करंटने हृदय थांबू शकतं.

म्हणूनच ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलने परत आला का, एवढंच तो पाहतो. ३० मिलीअँपियर कुठे गळाले की जास्तीत जास्त ०.३ सेकंदात तो पडतो, आणि १५० गळाले तर ०.०४ सेकंदात. खांबाला अर्थची तार असेल तर गळती सुरू होताच तो पडतो, माणूस मध्ये येण्याची वाट बघत नाही. म्हणून दोन्ही हवेत. बागेचा आरसीसीबी घराच्या लाइनपासून वेगळा ठेवा, नाहीतर पावसात बागेतल्या एका ओल्या जोडामुळे अख्खं घर अंधारात जातं. मग कुणीतरी वैतागून आरसीसीबीच बायपास करतं, आणि तो लावल्याचा उपयोग संपतो.

आता खोली. जमिनीत केबल कशी टाकायची याचं भारतीय मानक आहे आयएस १२५५. त्यात कमी दाबाच्या केबलला किमान ७५० मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट खोली सांगितली आहे. सहा इंच आणि अडीच फूट यातला फरक खानदेशात तरी समजावून सांगावा लागू नये. तापीकाठच्या काळ्या मातीला मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. सहा इंचांवरची वायर त्या भेगेत उघडी पडते, माती आकसली की ताणली जाते आणि जोड सुटतो. जूनमध्ये त्याच भेगेत पाणी भरतं आणि माती पुन्हा फुगते. शिवाय आळं करताना कुदळ सहा इंच सहज जाते, आणि घुशी तर त्याच थरात बिळं करतात.

घरातली वायर मातीत पुरण्यासाठी बनवलेलीच नसते. तीन कोरची (आत तीन तारा असलेली) तांब्याची आर्मर्ड, म्हणजे वर धातूचं कवच असलेली, केबल घ्या, एवढ्या लोडला १.५ चौरस मिलिमीटर पुरते. चर अडीच फूट खणा, तळाला तीन इंच वाळू, त्यावर केबल, परत तीन इंच वाळू, वर विटांची एक ओळ, मग माती. विटा यासाठी की उद्या कुणी खणलं तर कुदळ आधी विटेवर आपटते. केबलचं आर्मर अर्थला जोडायला विसरू नका. जोड जमिनीखाली ठेवायचाच नाही. प्रत्येक खांबाशी केबल वर काढा आणि जमिनीपासून फूटभर उंचीवर, ग्लँड (केबल आत शिरते तिथे तिच्याभोवती आवळायची कडी) बसवलेल्या पाणीबंद डबीत जोडा. काळी टेप उन्हात चिकटपणा सोडते आणि तिच्या घड्यांतून पाणी आत ओढलं जातं. खांबासाठी फूटभर लांब-रुंद, दीड फूट खोल खड्डा घ्या, तळाला मुरूम ठोका, वर काँक्रीट, आणि खांबाखाली केबलचा फूटभर ढिला वेढा सोडा. माती हलली तरी त्या वेढ्यामुळे केबलला ताण बसत नाही.

अर्थिंगच्या मुद्द्यात एक अर्धसत्य आहे, तेवढं मान्य करतो. बारा व्होल्टच्या दिव्यांना अर्थ लागत नाही, हे खरं. पण कधी? २३० चे १२ करणारा ट्रान्सफॉर्मर किंवा ड्रायव्हर आयसोलेटेड असेल, म्हणजे आत दोन्ही बाजू विजेच्या दृष्टीने पूर्ण वेगळ्या असतील, तेव्हाच. मेसेजवाल्याने बारा व्होल्टचा नियम उचलून २३० ला चिकटवला आहे. पाणी देण्याच्या बागेत मी स्वतः बारा किंवा चोवीस व्होल्टच सुचवेन. तेव्हाही ड्रायव्हर व्हरांड्यात, छपराखाली, आणि त्याच्या २३० च्या बाजूला आरसीसीबी हवाच.

पांढरा उजेड आणि साप

साप उजेडाला घाबरून पळत नाही. घोणस आणि फुरसं जिथे आहेत तिथेच निपचित पडून राहतात, तुम्ही दिवा लावा की न लावा. उलट ६५०० केल्विनच्या निळसर उजेडाकडे किडे जास्त ओढले जातात. पहिल्या पावसानंतर पंख फुटलेली वाळवी अशा दिव्याखाली किती जमते ते आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. किड्यांमागे बेडूक आणि पाली येतात, त्यांच्यामागे साप. विंचू उजेड टाळतो हे खरं, पण तो जातो कुठे? फरशीच्या फटीत आणि कुंडीखाली, म्हणजे तुमच्याच पायांजवळ.

दिव्याचं काम एकच, पाऊल टाकण्याआधी जमीन दिसणं. डोळ्यांसमोर प्रखर दिवा असला की बाहुली आकसते आणि दोन दिव्यांमधला पट्टा आणखी काळा वाटतो. मण्यार नेमकी त्या काळ्या पट्ट्यात असली तर दिसणार नाही. म्हणून २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर दिवा, उंची दीड ते दोन फूट, वर टोपी, उजेड फक्त खाली. एका दिव्याला २०० ते ३०० ल्युमेन (उजेडाचं माप), म्हणजे तीन वॅट पुरे. दोन दिव्यांत आठ फूट अंतर ठेवलं तर उजेडाची वर्तुळं एकमेकांना भिडतात.

आयपी ६५

६ म्हणजे धूळ आत जात नाही, ५ म्हणजे पाण्याचा फवारा चालतो. बुडवणं यात कुठेच नाही. एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो तो आयपी ६७. वाटेत जमिनीच्या पातळीत बसवायचा दिवा ६७ चाच घ्या, आणि त्याच्याखाली फूटभर खडी भरा, कारण काळ्या मातीतला खड्डा पाणी धरून ठेवतो. उभ्या खांबाला ६५ ठीक. फक्त केबल आत शिरते तिथला ग्लँड घट्ट हवा. तापलेल्या दिव्यावर संध्याकाळी गार पाणी पडलं की आतली हवा आकसते आणि ढिल्या ग्लँडमधून पाणी आत ओढते. काचेच्या आत वाफ दिसली की दोष बहुतेक तिथेच असतो.

बारा व्होल्ट, कितीही लांब

तीस मीटर वाट, अडीच मीटरवर एक असे तीन-तीन वॅटचे बारा दिवे. एकूण ३६ वॅट, बारा व्होल्टवर ३ अँपियर. वायर ०.७५ चौरस मिलिमीटरची टाकली तर शेवटच्या दिव्याला जेमतेम ९.७ व्होल्ट मिळतात. १.५ ची टाकली तर १०.९, आणि २.५ ची तर ११.३. ‘शेवटचे दिवे मंद का?’ या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. ड्रायव्हर वाटेच्या मधोमध बसवून दोन्ही बाजूंना सहा-सहा दिवे नेले, तर १.५ च्या वायरीत फक्त ०.३ व्होल्ट पडतात. पण तिथे छप्पर नसेल तर पाणीबंद पेटी लागेल. चोवीस व्होल्टचे दिवे मिळाले तर त्याहून सोपं: एका टोकापासून १.५ चीच वायर नेली तरी पाऊण व्होल्टाच्या आत काम होतं.

सोलर

विजेची लाइन जात नाही अशा मळ्याच्या वाटेवर सोलर योग्यच आहे, आणि ऊन आपल्याकडे भरपूर आहे. पण दहा वर्षं? स्वस्त खुंटीदिव्यात १.२ व्होल्ट, ६०० मिलीअँपियर-तासाचा एक सेल असतो, म्हणजे ०.७२ वॅट-तास. खरोखरचा तीन वॅटचा दिवा त्यावर पाव तासही चालणार नाही. म्हणून तो नुसता मिणमिणतो. बाहेर ४५ अंश असताना बंद प्लॅस्टिकच्या टोपीत हा सेल भाजून निघतो आणि वर्ष-दोन वर्षांत दम सोडतो. घ्यायचाच तर पॅनेल वेगळं असलेला, लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल असलेला आणि तो बदलता येईल असा घ्या. पॅनेल कडुलिंबाच्या सावलीत लावू नका, आणि उन्हाळ्यात त्यावरची धूळ आठवड्याला पुसा.

आबा, रविवारी वायरमन आला तर चर बुजवण्याआधी त्याला ५०० व्होल्टचा मेगर (केबलमधून करंट गळतो का ते तपासणारं यंत्र) लावायला सांगा. दिवे आणि ड्रायव्हर सोडवून ठेवायचे आणि केबलची प्रत्येक तार अर्थशी, शिवाय फेज न्यूट्रलशी तपासायची. एक मेगाओहमच्या खाली काटा आला तर चर बुजवू देऊ नका. त्यानंतर आरसीसीबीचं टेस्ट बटण दर महिन्याला एकदा दाबा. दाबूनही पडला नाही, तर तो बदलेपर्यंत बागेची लाइन बंद ठेवा.